एका बोटाचा बेस : जेम्स जेमरसन आणि डेट्रॉइटचा आवाज



मागच्या व्याख्यानात आपण इलेक्ट्रिक गिटारपाशी थांबलो होतो. कार्यक्रम संपल्यावर सभागृहाच्या दारात एका कॉलेजच्या मुलाने आम्हाला गाठलं. पाठीवर बेस गिटारची काळी पिशवी होती. त्याचा प्रश्न अगदी सरळ होता. "सर, माझा टोन पातळ येतो. तारा बदलू, की पिकअप बदलू, की अँपच नवा घेऊ?" आम्ही घाईत होतो. तारांच्या एका कंपनीचं नाव सांगून त्याला मोकळं केलं. घरी जाताना रिक्षात बसल्यावर लक्षात आलं की आपण त्या मुलाला चुकीचं उत्तर दिलं. तारांचं नाव चुकीचं होतं असं नाही, पण त्याच्या प्रश्नाचं ते उत्तरच नव्हतं. तेव्हा आजचं व्याख्यान ही त्या उत्तराची दुरुस्ती समजा. तो आज आला असेल तर त्याने पुढे येऊन बसावं, कारण आज आम्ही वाद्य बरोबर आणलंय, आणि भांडी घासायचा एक स्पंजही आणलाय. हसू नका, स्पंजाचं काम आहे.

आता मुळापासून सुरुवात करू. बेस गिटार या वाद्याचं वय फार नाही. तसे प्रयत्न 1930च्या दशकातच झाले होते. सिएटलमध्ये पॉल टुटमार्कने आडवा धरायचा, पडदे असलेला विजेवरचा बेस बनवला होता. पण तो चालला नाही. चालला तो लिओ फेंडरचा, कॅलिफोर्नियात, 1951 साली. त्याआधी खालचे सूर सांभाळायचं काम डबल बेसकडे होतं. डबल बेस म्हणजे ते माणसाएवढं उभं वाद्य. ते गाडीच्या टपावर बांधून न्यावं लागायचं, आणि एकदा तुताऱ्या आणि ड्रम सुरू झाले की त्याचा आवाज कुणाला ऐकू यायचा नाही. शिवाय त्याला पडदे नसतात. बोट केसभर इकडेतिकडे झालं की सूर बेसूर. फेंडरने गळ्यावर पडदे बसवले आणि वाद्याचं नाव ठेवलं प्रिसिजन, म्हणजे अचूक. स्वतः लिओ फेंडर गिटार वाजवत नसे, हे लक्षात ठेवा. तो मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. म्हणूनच त्याने वाजवणाऱ्याचा हात कुठे असावा हे कागदावर ठरवलं, आणि वाजवणाऱ्यांनी ते फारसं मनावर घेतलं नाही.

हे बघा. (वाद्य दाखवून.) आमचा हा बेस नंतरचा आहे, पण रचना तीच. जुन्या प्रिसिजनवर तारांच्या खालच्या अंगाला एक छोटी लाकडी पट्टी असायची. चार बोटं त्या पट्टीला अडकवायची आणि अंगठ्याने तार छेडायची, अशी फेंडरची कल्पना. लोकांनी उलटं केलं. अंगठा वर टेकवला आणि बोटांनी वाजवायला लागले. कंपनीने ती पट्टी वरच्या बाजूला हलवली ती 1974 साली. तेवीस वर्षं वाद्य एक सांगत होतं आणि हात दुसरं करत होते. दुसरी गोष्ट घोडीची. घोडीवर, म्हणजे ब्रिजवर, एक चकचकीत धातूचं झाकण असायचं आणि झाकणाच्या आत फोमचा तुकडा. तो तारांना खालून किंवा वरून हलकासा टेकायचा. बहुतेकांनी हे झाकण काढून टाकलं. काहींनी त्याचा ॲशट्रे केला म्हणून त्याला नावच ॲशट्रे पडलं. ज्या माणसाबद्दल आज आपण बोलणार आहोत त्याने ते झाकण काढलं नाही, आतला फोमही काढला नाही. एवढ्याशा गोष्टीने काय होतं ते दाखवतो, पण आधी त्या माणसाची ओळख करून घेऊ.

जेम्स जेमरसन. दक्षिण कॅरोलिना राज्यात किनाऱ्यालगत एडिस्टो नावाचं बेट आहे, तिथला जन्म, 1936 सालचा. लहानपणची एक गोष्ट त्याच्या चरित्रात येते. एका काठीला रबर बांधायचं, काठी मुंग्यांच्या वारुळाजवळ जमिनीत खोचायची आणि रबर छेडायचं. मुंग्या बाहेर पडायच्या आणि हा म्हणायचा, बघा, मुंग्या नाचताहेत. गोष्टीला थोडं मीठमसाला लागला असेल. पण तार कशी हलते त्यापेक्षा ती वाजल्यावर समोर काय हलतं, इकडे पोराचं लक्ष होतं, एवढं तिच्यातून आम्ही घेतो.

1954 साली तो आईकडे डेट्रॉइटला आला. मोटारींचं शहर, दक्षिणेतून कामाच्या शोधात आलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांचं शहर. तिथल्या नॉर्थवेस्टर्न हायस्कूलमध्ये संगीताच्या खोलीत एक डबल बेस होता. तो त्याच्या हाती आला, आणि शाळा संपेपर्यंत पोरगा शहरातल्या जॅझ क्लबांतून वाजवायला लागला. हा मुद्दा पुढे फार महत्त्वाचा आहे, म्हणून दोनदा सांगतो. जेमरसन आधी डबल बेसवाला. बेस गिटार त्याच्या हातात आली 1960च्या आसपास, आणि तोपर्यंत त्याचं बोट, त्याचं मनगट आणि त्याचा कान तिन्ही घडून गेले होते.

डबल बेसची तार जाड आणि ताणलेली. ती दोन नाजूक बोटांनी आळीपाळीने छेडून भागत नाही. तर्जनी आडवी धरून, बोटाच्या बाजूचा मांसल भाग तारेत रुतवून, हाताच्या सगळ्या वजनासकट ओढावी लागते. जेमरसनने हेच एक बोट घेऊन बेस गिटारवर काम केलं. बाकीची बोटं पिकअपवरच्या झाकणावर टेकलेली, आणि उजव्या हाताची एकटी तर्जनी सगळं वाजवतेय. सोबत्यांनी त्या बोटाला नाव ठेवलं, द हुक. आपल्याकडे आकडा म्हणतो तसं.

आता कुठलाही शिक्षक विद्यार्थ्याला काय सांगतो? दोन बोटं वापर, आळीपाळीने, म्हणजे वेग येईल. बरोबरच आहे. आम्हीही तेच सांगतो. पण दोन बोटांनी वाजवताना एक अडचण असते. तर्जनी आणि मधलं बोट सारख्या लांबीची नाहीत, सारख्या ताकदीची नाहीत. नवशिक्याच्या वादनात एक ठोका भरीव आणि एक पोकळ, असं ऐकू येतं. (वाजवून.) हा भरीव. हा पोकळ. ऐकलं? पातळ टोन म्हणतात तो पुष्कळदा हा असतो, आणि त्याला तारा बदलून उपाय नाही. जेमरसनकडे ही अडचणच नव्हती. एकच बोट असल्याने प्रत्येक सुराचं वजन त्याच्या ताब्यात होतं. जिथे हलका ठोका आहे तिथे तो मुद्दाम हलका ठेवलेला आहे. वरच्या तारेवरून खालच्या जाड तारेवर येताना तो बोट उचलत नसे, तेच बोट घसरून पुढच्या तारेवर टेकायचं आणि तिथून पुढचा सूर निघायचा. त्यामुळे खाली उतरणाऱ्या ओळी त्याच्या हातून पायऱ्या उतरल्यासारख्या येत नाहीत, घसरगुंडीवरून आल्यासारख्या येतात.

आणि वेग? तो आहेच. फोर टॉप्सचं 1967चं 'बर्नाडेट' घरी जाऊन ऐका. एका बोटाने हे वाजतं यावर आमचाही पहिल्यांदा विश्वास बसला नव्हता.

आता वाद्याकडे येऊ. त्याच्याकडे 1962चा फेंडर प्रिसिजन होता, तपकिरी-पिवळ्या छटेचा. गळा जिथे धडाला मिळतो तिथे त्याने 'फंक' असा शब्द कोरला होता, म्हणून वाद्याचं नाव पडलं फंक मशीन. त्यावर ला बेला कंपनीच्या जाड, सपाट वेटोळ्यांच्या तारा होत्या. बेसच्या तारेत मधे एक पोलादी गाभा असतो आणि त्यावर दुसरी बारीक तार गुंडाळलेली असते. ती वरची तार गोल असेल तर बोटाला खरखर लागते आणि आवाज झगझगीत येतो. ती चपट्या फितीसारखी असेल तर तार गुळगुळीत लागते आणि आवाज बुटका, गोल येतो. जेमरसनच्या तारा या दुसऱ्या जातीच्या. आणि तो त्या बदलत नसे. तुटली तरच बदलायची. वर्षानुवर्षांचा घाम, तेल, मळ त्या तारांत मुरलेला. आवाजाची गंमत त्या मळात आहे असं त्याचं मत होतं. तारा गळ्यापासून इतक्या उंच होत्या की दुसऱ्या वादकांना ते वाद्य धड दाबता येत नसे. आवाजाची आणि टोनची दोन्ही बटणं पूर्ण उघडी. संपलं. बाकी काही छेडछाड नाही.

स्पंज घेऊ आता. (तारांखाली स्पंजाचा तुकडा सरकवून.) आधी स्पंजाशिवाय ऐका. आता स्पंजासकट. फरक कळला? आपल्याकडच्या माणसाला हे समजायला सोपं जावं. तंबोऱ्याची जवारी आठवा. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर तासन् तास कानस फिरवतो आणि मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती दोरा सरकवतो. कशासाठी? तर तारेतले वरचे सूक्ष्म स्वर उमलावेत, आस लांबावी, एका तारेतून दहा सूर झंकारावेत म्हणून. घोडीपाशीच जेमरसनचा फोम आहे आणि त्याचं काम अगदी उलटं आहे. तो वरचे स्वर गिळतो, आस छाटतो. सूर उठतो, धप्पकन बसतो, आणि पुढच्या सुराला जागा करून देतो. दोरा आणि फोम, दोन्ही दोन पैशांच्या वस्तू. एका ठिकाणी सूर मोकळा सोडायचा आहे, दुसऱ्या ठिकाणी त्याला वेसण घालायची आहे. जेमरसनला ही वेसण का हवी होती, तर त्याच्या कानात डबल बेस होता. डबल बेसचा छेडलेला सूर असाच असतो. सुरुवातीला भरदार, आणि लगेच विरणारा. विजेच्या वाद्यातून तो आपलं जुनं लाकडी वाद्य वाजवत होता.

आम्हाला विचाराल तर सगळा टोन इथे आहे. त्याला काय ऐकायचं होतं हे त्याला आधी माहीत होतं. तारा, फोम, उंची या गोष्टी त्यानंतर जागच्या जागी आल्या, काही तर निव्वळ आळसाने आल्या, पण त्या काढून टाकायच्या नाहीत हे त्याच्या कानाने ठरवलं. दारात भेटलेल्या त्या मुलाला आम्ही हे विचारायला हवं होतं, की बाबा रे, तुला कुणासारखं ऐकू यायला हवंय? डोळे मिटल्यावर कुठला बेस वाजतो?

पुढचा भाग खोलीचा. डेट्रॉइटमध्ये वेस्ट ग्रँड बुलेव्हार्ड, क्रमांक 2648. साधं दुमजली घर. 1959 साली बेरी गॉर्डीने ते घेतलं, दारावर 'हिट्सव्हिल यू. एस. ए.' अशी पाटी लावली आणि मागच्या बाजूला स्टुडिओ केला. मोटाउन कंपनीचा हा स्टुडिओ ए. वादक त्याला स्नेकपिट म्हणत, सापांचा खड्डा, कारण केबल जिकडेतिकडे लोंबत असायच्या. खोली लहान, माणसं दाटीवाटीने. अशा खोलीत बेसचा अँप मोठा केला तर तो ड्रमच्या मायक्रोफोनमध्ये घुसणार. म्हणून कंपनीचा तंत्रज्ञ माइक मॅक्लीन याने एक व्यवस्था केली. गिटार आणि बेस थेट मिक्सिंगच्या यंत्रणेत जोडायचे आणि वादकांनी एका सामाईक स्पीकरमधून स्वतःला ऐकायचं. क्लबात जेमरसन अँपेगचा अँप वापरायचा, पण ज्या रेकॉर्डी आपण ऐकतो त्यांत बहुतेक वेळा अँप नाहीच. तार, बोट, फोम आणि व्हॅक्यूम ट्यूबची यंत्रणा. बेसची पातळी जरा जास्तच ठेवायची, म्हणजे ट्यूबमध्ये आवाज किंचित दाबला जातो, किंचित फाटतो. ती बारीकशी खरखर हा त्या टोनचा शेवटचा मसाला.

याला एक व्यवहारी कारणही जुळून आलं. बेसच्या सगळ्यात जाड तारेचा सूर सेकंदाला साधारण 41 कंपनांचा. त्या काळी लोक गाणी ऐकायचे मोटारीतल्या आणि खिशातल्या रेडिओवर. एवढ्याशा स्पीकरमधून 41 कंपनं बाहेर पडतच नाहीत. मोटाउनमध्ये तयार गाणं मोटारीच्या रेडिओसारख्या छोट्या स्पीकरवर वाजवून पाहायची पद्धत होती. तिथे बेस टिकला पाहिजे. किंचित फाटलेल्या आवाजात मूळ सुराच्या वरचे काही स्वर तयार होतात, छोटा स्पीकर ते ऐकवतो, आणि खालचा सूर आपला कान स्वतः भरून काढतो. मजा बघा. फोमने वरचे स्वर गिळले आणि ट्यूबने थोडेसे परत दिले. या देवाणघेवाणीत जेमरसनचा बेस मोटारीतून ऐकू आला, आणि लाखो लोकांना पहिल्यांदा बेस वेगळा ऐकू आला.

तो काय वाजवत होता, त्याकडे थोडं वळू. 1964चं 'माय गर्ल' घ्या, टेम्प्टेशन्सचं. सुरुवातीला एकटा बेस, तीन सूर, त्यांत दोन तर एकच सूर दोनदा. त्यावर गिटार येते. यात कारागिरी दाखवण्यासारखं काही नाही, आणि ते कुणी विसरलेलंही नाही. मग चार वर्षांनंतरचं स्टीव्ही वंडरचं 'फॉर वन्स इन माय लाइफ' ऐका. तिथे बेस सम सोडून पळतो, आडून येतो, मधले सूर घेत चढतो, मोकळी तार मधेच वाजवून हाताला दुसरीकडे जायला वेळ काढतो. मोकळ्या तारेचा हा वापर पुन्हा डबल बेसवाल्याचा. आणि तरीही गायकाच्या पायात कुठे येत नाही. का? कारण प्रत्येक सूर आखूड आहे. आस लांब असती तर इतके सूर एकमेकांत मिसळून चिखल झाला असता. म्हणजे टोनने तंत्राला मोकळीक दिली. या दोन गोष्टी शिकवताना आपण वेगळ्या करतो, आधी तंत्र आणि मग टोन, असं वेळापत्रक लावतो. आमच्या मते ते वेळापत्रक चुकतं.

1971 साली मार्विन गेचा 'व्हॉट्स गोइंग ऑन' हा अल्बम आला. शीर्षकगीताच्या बेसबद्दल एक गोष्ट सगळीकडे सांगतात, की गेने जेमरसनला एका क्लबातून शोधून आणलं, तो इतका प्यायला होता की स्टुलावर बसता येईना, म्हणून जमिनीवर पाठ टेकून त्याने तो भाग वाजवला. लोक ही गोष्ट हसत सांगतात. आम्हाला हसू येत नाही. त्याच दारूने पुढे काय केलं ते आपल्याला माहीत आहे. पण त्या अल्बमचं आणखी एक महत्त्व आहे. मोटाउनच्या वेष्टनावर वादकांची नावं छापली गेली ती तेव्हा. जेमरसनच्या नावामागे तर अतुलनीय असं विशेषण लावलं होतं. बारा वर्षं तो त्या कंपनीत वाजवत होता. डझनावारी गाणी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली होती. त्यांपैकी कुणावरही त्याचं नाव नव्हतं.

आपल्याला हे नवं नाही. राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस गिटार वाजवत. मुंबईच्या सिनेसंगीतात गोव्याकडच्या किती वादकांनी आणि अरेंजर्सनी काम केलं, आणि तबकडीवर छापलं गेलं ते संगीतकार, गीतकार, गायक, बस्स. आपणही ती तबकडी उलटीपालटी करून पाहिली नाही. डेट्रॉइटमध्ये नावं न छापण्याचा एक परिणाम असा झाला की कोणत्या गाण्यात बेस कुणाचा यावर पुढे वाद झाले. लॉस एंजेलिसच्या कॅरल के या नामांकित बेसवादिकेने त्यांतल्या काही गाण्यांवर हक्क सांगितला, जेमरसनच्या बाजूच्यांनी तो खोडून काढला. कॅरल के पिकने वाजवायची, जेमरसन बोटाने. त्यामुळे लोक अजून त्या गाण्यांत सुराची सुरुवात कान लावून ऐकतात, की हा प्लॅस्टिकचा ठोका आहे का मांसाचा. नाव छापलं नाही म्हणून माणसाची ओळख पटवायला त्याचा टोन साक्षीला उभा करावा लागतो.

तोवर जगाचा कान बदलत होता, आणि हे आपण प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. 1966 साली इंग्लंडमध्ये द हू या गटाचा जॉन एंटविसल याने रोटोसाउंड कंपनीकडून गोल वेटोळ्यांच्या तारा नीट करवून घेतल्या. झगझगीत, पियानोसारखा आवाज. सॅन फ्रान्सिस्कोकडे लॅरी ग्रॅहम हा मुलगा आईच्या गाण्याला साथ करायचा. आधी गिटार आणि ऑर्गनच्या पायपट्ट्यांवर बेस. ऑर्गन बिघडला म्हणून बेस गिटार भाड्याने आणली, पुढे ड्रमवालाही राहिला नाही, मग त्याने अंगठ्याने तार ठोकून मोठ्या ढोलाची आणि बोटाने तार उपटून छोट्या ड्रमची जागा भरली. आज ज्याला स्लॅप म्हणतात त्याचा जन्म हा असा, घरच्या अडचणीतून. आणि 1976 साली जाको पास्टोरियसचा पहिला अल्बम आला. त्याच्याकडचा बेसही 1962चाच, पण जॅझ बेस. त्यातले पडदे काढलेले, गळ्यावर होडीला लावतात त्या जातीचं इपॉक्सी चढवलेलं, वर गोल तारा, आणि घोडीजवळचा पिकअप. जेमरसनने जे जे छाटलं ते ते जाकोने फुलवलं. दोघंही आम्हाला प्रिय आहेत, त्यामुळे यात उजवंडावं करणार नाही.

1972 साली मोटाउनने आपला कारभार लॉस एंजेलिसला हलवला. डेट्रॉइटच्या वादकांना हे कळलं ते म्हणे स्टुडिओच्या दारावर लावलेल्या सूचनेवरून. जेमरसन मागोमाग कॅलिफोर्नियात गेला. काही वर्षं काम मिळालं, चांगलं मिळालं. मग निर्माते म्हणू लागले की तारा बदल, आवाज उजळ कर, अंगठ्याने वाजव, आणि जरा साधं, एकच एक वाजव. त्याने नाही म्हटलं. नव्या तारा नकोत, नवं तंत्र नको. काम कमी होत गेलं, दारू वाढत गेली. 1980च्या सुमारास त्याला धड काम मिळेनासं झालं होतं.

इथे पुष्कळ लेखक त्याला हुतात्मा करतात. बाजाराने कलावंताला मारलं वगैरे. आमचं मत थोडं वेगळं आहे. त्याच्या टोनचा पाया त्याचा कान होता, पण कुठेतरी त्याने तो पाया मळक्या तारांमध्ये आहे असं धरलं असावं. ज्या माणसाने डबल बेसचा सूर एका परक्या विजेच्या वाद्यातून काढून दाखवला, त्याला गोल तारांतूनही आपला सूर काढता आला असता असं आम्हाला वाटतं. त्याने तसा प्रयत्न केला नाही. तेव्हा मुलांनो, जुन्या तारा ठेवणं हा काही सद्गुण नाही. आमच्या ओळखीचे एक जण तीन वर्षं तारा न बदलता आपल्याला जेमरसन व्हायची वाट पाहताहेत. पण हेही खरं की इतकं देऊन ज्याचं नाव कुणी घेतलं नाही, त्याच्याकडे स्वतःचं म्हणायला तो आवाज तेवढाच उरला होता. तोही बदल म्हटल्यावर माणूस हट्टाला पेटतो.

मार्च 1983मध्ये पासाडेनाच्या सभागृहात मोटाउनच्या पंचविशीचा मोठा कार्यक्रम झाला. मायकल जॅक्सनने ज्यात मूनवॉक केला तोच. टीव्हीवर तो कोट्यवधी लोकांनी पाहिला. जेमरसनला आमंत्रण नव्हतं. त्याने बाहेर काळ्या बाजारात तिकीट घेतलं आणि वर बाल्कनीत बसून कार्यक्रम पाहिला. त्यानंतर काही महिन्यांनी त्याच्या घरातून फंक मशीन चोरीला गेली. थोड्याच दिवसांनी, 2 ऑगस्ट 1983 रोजी, तो गेला. वय 47. वाद्य त्याच्या हयातीत परत आलं नाही.

नाव मागाहून झालं. 1989 साली ॲलन स्लट्स्कीने त्याचं चरित्र आणि बेसच्या ओळींची स्वरलिपी एकत्र छापली. 2000 साली रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने साथीदार वादकांसाठी वेगळा मान सुरू केला, त्यात पहिल्याच वर्षी जेमरसन होता. 2002 साली डेट्रॉइटच्या त्या वादकांवर चित्रपट निघाला. आणि आता दुकानात जेमरसनच्या नावाने ओळखला जाणारा ला बेलाच्या तारांचा संच मिळतो, करकरीत नवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत.

प्रश्नोत्तरांकडे जाण्याआधी एक करू. तो मुलगा, हो, तिसऱ्या रांगेतला, आलायस तू? बरं झालं. ये वर. पिशवीतून वाद्य काढ. अँपची बटणं राहू देत आहेत तशी. आता एकच बोट, तर्जनी. बाकीची बोटं पिकअपवर टेकव. 'माय गर्ल'चे ते तीन सूर वाजव, सावकाश, प्रत्येक सूर सारख्या वजनाचा आला पाहिजे. स्पंज नंतर देतो. आधी असंच.